तुरकर बाईंच्या कानातली मिल

तुरकर बाई वर्गात कधी ओरडल्या नाहीत. ओरडा खाण्यात पहिला नंबर माझाच असायचा, त्यामुळे माझ्या साक्षीला वजन आहे. सातवीपासून दहावीपर्यंत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला आणि एवढ्या काळात त्यांचा आवाज वर्गाच्या दाराबाहेर गेला नसेल. पोरींचा गलका झाला की त्या बोलता बोलता थांबायच्या. हातातला खडू वर, नजर खिडकीबाहेर, चेहऱ्यावर राग नाही की काही नाही. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत गप्प व्हायचो. मग बाई ज्या शब्दावर थांबल्या होत्या त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू व्हायच्या. "…आणि म्हणून वैनगंगा दक्षिणेकडे वळते."

शाळा रुळांजवळ होती. गोंदियाचं जंक्शन, मालगाड्यांना काय तोटा! गाडी आली की बाकीच्या बाई घसा फोडून शिकवत राहायच्या. तुरकर बाई अख्खी मालगाडी जाऊ द्यायच्या. एकदा कुणीतरी विचारलं, बाई, तुम्ही जरा जोरात का नाही बोलत? तर म्हणाल्या, "मी आवाजावर आवाज चढवत नाही. आवाज थकतो. मी नाही थकत."

लग्नानंतर मी ज्या मोहल्ल्यात आले, तिथे शेजारच्या फाटकावर 'कु. यमुना तुरकर' अशी पाटी दिसली. माझा दहावीचा पेपर त्यांच्या लक्षात असणार याची मला धास्ती होती. आणि होताच! फाटकातूनच म्हणाल्या, "शोभा ना तू? हिमालय दक्षिणेला काढणारी?" झालं, माझी हीच ओळख सगळ्या मोहल्ल्याला झाली. पुढच्या खोलीत मी शिवणकामाचं दुकान टाकलं, तेव्हा पाटी लावायला आलेला पेंटरसुद्धा विचारत होता, "ताई, उत्तर कोणत्या बाजूला?"

बाई उंचीनं लहान, अंगानं काटकुळ्या. सुती साडी, तिला कडक स्टार्च, ब्लाउजची बाही कोपरापर्यंत. फॅशन कितीही बदलो, कोपर दिसता कामा नये. इटियाडोहच्या कालव्यावर त्यांचे वडील नोकरीला होते, पाणी सोडायचं काम. बाई तिथेच वाढल्या. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. धाकटा भाऊ तेजराम देवरीकडे शेती करायचा. तोही त्यांना बाईच म्हणायचा, आणि त्यांच्यासमोर चहा पितानासुद्धा ताठ बसायचा. बाई बोलायच्या अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध, पण चिडल्या किंवा घाबरल्या की पुस्तक सुटायचं आणि कालव्यावरची पोरगी बाहेर यायची. मी शाळेत असताना हे कधी ऐकलं नव्हतं. शेजारी आल्यावर ऐकलं.

माझ्या दुकानात आल्या की आधी रेडिओ बंद करायच्या. विचारणं वगैरे काही नाही. "तुझी मशीन चालते तेवढं पुरे आहे." मग स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या कापडावर मत द्यायच्या. गिऱ्हाइकं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी निघायच्या आणि मुकाट्यानं रंग बदलून आणायच्या. माझा धंदा बुडायचा राहिला तो त्यांच्या कृपेनं नाही, माझ्या हातामुळे, हे मी त्यांना तोंडावर सांगायचे. त्या हसायच्या. "तोंड मात्र नकाशापेक्षा चांगलं चालतं तुझं."

आमच्या दोघींच्या घरामागे राइस मिलची भिंत आहे. ज्या बाईंना वर्गात पेन्सिल पडलेली चालायची नाही त्या मिलला पाठ लावून कशा राहत होत्या, तर त्यांचा मिलच्या सेठशी करार होता. संध्याकाळी सातनंतर मिल बंद. फार वर्षांपूर्वी बाई रोज संध्याकाळी मिलच्या फाटकाशी जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या, काही न बोलता. सेठच्या मुली त्यांच्याच वर्गात. शेवटी सेठ हात जोडून म्हणाले, "मैडमजी, सात के बाद पट्टा नहीं घूमेगा." आणि त्यांनी शब्द पाळलाही. नोव्हेंबरात नवा धान येतो, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत जाते, तरी सातला मिल बंद म्हणजे बंद.

म्हणून एका सकाळी बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "शोभा, सेठनं शब्द मोडला," तेव्हा मला खरंच वाटेना.

"काल रात्रभर मिल चालू होती. परवाही."

"मला तर काही ऐकू नाही आलं, बाई."

"ऐकू यायला जागं राहावं लागतं."

त्या गेल्या सेठकडे. सेठ म्हणाले, देवाशपथ, नाही. चौकीदार म्हणाला, नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा फाटकाशी उभं राहणं सुरू केलं. आता वय साठीच्या पुढे, तरी तीच ताठ मान. मोहल्ल्यात दोन तट पडले. गंमत म्हणजे चार-दोन बायांना तर खरंच रात्री मिल ऐकू यायला लागली! बाई सांगतायत म्हणजे चालू असणारच. सेठ बिचारे रडकुंडीला आले आणि त्यांनी पाचलाच मिल बंद करायला सुरुवात केली. मजूर कुरकुरले. बाईंना काडीचाही फरक पडला नाही.

त्याच सुमारास त्यांना एक सवय लागली. मान डावीकडे थोडी कलती करून त्या कानामागे, हाडाच्या खाली, दोन बोटं दाबून धरायच्या. बसल्या बसल्या, चालताना, भाजी घेताना. बायका म्हणायच्या, बाई म्हातारपणी नखरे शिकल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथे दाबलं की मिल बंद होते." मी हसले. पण घरी आले तेव्हा ते वाक्य डोक्यातून जाईना. मागची मिल कानामागे दाबून कशी बंद होईल?

मग ती दुपार आली. उन्हाळा होता, सगळ्या वॉर्डाची लाइन गेलेली. माझी मशीन बंद, पंखे बंद, कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली. बाई तरातरा आल्या. "चल. आता रंगेहाथ पकडते. भरदुपारी चालू आहे." मी म्हटलं, अहो बाई, लाइन नाहीये. "त्यांचं जनरेटर असेल." माझा हात धरून त्यांनी मला मिलच्या फाटकातून आत नेलं.

आत सगळं थंड होतं. पट्टे लोंबत होते. चाळणी थांबलेली. भुशाच्या ढिगावर एक मांजर झोपलं होतं. दोन मजूर गमछा तोंडावर टाकून पडले होते, ते आम्हाला बघून धडपडून उठले. बाई त्या मोठ्या यंत्रापाशी गेल्या आणि त्यांनी त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दुसऱ्या यंत्रावर. मी बघत होते, त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"हे बंद आहे," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"मग हे कुठं चालू आहे वो, शोभा?"

पुस्तक सुटलं होतं. मी त्यांना धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः सेठकडे गेल्या आणि मजुरांसमोर त्यांची माफी मागितली. सेठना आता कुठे बघावं ते कळेना. "मैडमजी, आप डॉक्टर को दिखाओ," एवढंच म्हणाले.

डॉक्टर झाले. एकानं कानातला मळ काढला. एकानं वय झालं म्हणून सांगितलं. तेजराम देवरीहून पहिल्या बसनं आला आणि खात्रीनं म्हणाला, "बाई, कानात गोचीड घुसला असंल. आमच्या बैलाले झालं होतं." लसूण घालून तेल कढवलं, कानात ओतलं. कानाचं सुजून भजं झालं आणि आतला आवाज तसाच. तिसऱ्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "या एकट्याच राहतात का?" बाईंना ते ऐकू गेलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "एकटीच्या डोक्यात मिल चालते म्हणतो. मग देशात एवढ्या बाया एकट्या आहेत, तांदळाचा तुटवडाच पडायला नको."

विनोद केला, पण हात कानामागेच होता. त्यांची झोप गेली होती. डोळे खोल गेले. स्टार्चची साडी अंगावर लोंबायला लागली. आणि सगळ्यात वाईट एकच गोष्ट: माझ्याशी बोलता बोलता त्या थांबायच्या. हात वर, नजर बाहेर. आवाज जाण्याची वाट बघायच्या. तो जायचा नाही. मग त्या पुढचा शब्द विसरायच्या आणि ओशाळून उठून जायच्या. मला ते बघवायचं नाही. मी कातरी आपटायचे, गिऱ्हाइकांवर उगाच खेकसायचे.

एका सकाळी त्या दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकट धरून. "शोभा, तू दोन दिसून राहिली."

मी मशीनवरून उठले ती तशीच. तेजरामला फोन केला, आमच्या यांना म्हटलं दुकान सांभाळा, आणि मिळेल त्या गाडीनं बाईंना घेऊन नागपूरला निघाले. गाडीत त्या एक डोळा मिटून बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला होता. शाळेत त्या हाताला मी वचकायचे. तो एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं.

नागपूरचे डॉक्टर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे. तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. मग स्टेथोस्कोप घेतला आणि छातीला न लावता बाईंच्या कानामागे लावला. डॉक्टरांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी नळ्या स्वतःच्या कानातून काढून माझ्याकडे दिल्या. "ऐका."

मी ऐकलं. सूंऽ… सूंऽ… सूंऽ… नाडीच्या ठेक्यावर. चाळणीवर तांदूळ ओतत राहावा तसा आवाज, थांबतच नव्हता. बाईंच्या डोक्यातून माझ्या कानात येत होता.

"आला?" बाईंनी विचारलं. "आला का ऐकू?"

मी मान हलवली. बाई ढसाढसा रडल्या. वेडी नाही, वेडी नाही मी, असं दोनदा म्हणाल्या. मीही रडले. पण बाहेरच्या माणसाला ऐकू यावा असा आवाज डोक्यात असणं हे काही बरं लक्षण नव्हतं, एवढं मला शिवणवालीलाही कळत होतं.

मांडीतून नळी घालून तपासणी झाली. पडद्यावर रक्तवाहिन्या दिसतात म्हणे. तोवर तेजरामही पोचला होता, मग डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. बाईंनी ते कसं समजून घेतलं ते मला त्याच दिवशी कळलं, कारण त्यांनी ते मला शिकवलं! नागपूरला जाताना मी घाईत एका गिऱ्हाइकाचा काळा ब्लाउजपीस आणि शिवणाचा खडू पिशवीत टाकला होता, तिथे बसल्या बसल्या कापू म्हणून. बाईंनी कापड पलंगावर पसरलं, खडू घेतला आणि रेघा ओढायला लागल्या.

"हा मोठा कालवा. इथलं पाणी जोराचं. ही धमनी. कालव्यातून पाट, पाटातून शेत, असं हळूहळू पाणी मुरत जातं आणि उरलेलं या नाल्यात येतं. नाला म्हणजे शीर. आता माझ्याकडे काय झालंय, कालव्याची भिंत फुटून पाणी थेट नाल्यात घुसतंय. एक नाही, बारीक बारीक पुष्कळ भोकं आहेत. पुढे नाला अरुंद झालाय. मग पाणी जाणार कुठे? उलटं शेतात. शेत म्हणजे मेंदू."

"म्हणजे पूर," तेजराम म्हणाला.

"पूर," बाई म्हणाल्या. "कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून ते उपाय करू म्हणतात."

साधारण असा नाला आतून बंदच करतात म्हणे, कसलंसं चिकट औषध भरून. पण बाईंच्या दुसऱ्या बाजूची शीर जन्मापासून बारीक. हीच एक मोठी, हिच्यातूनच सगळं रक्त डोक्याबाहेर जायचं. ती बंद करून चालणार नव्हतं. म्हणून डॉक्टर तिच्यात स्टेंट घालणार होते. हृदयात घालतात हे सगळ्यांना माहीत आहे, मेंदूजवळच्या शिरेत घालतात हे मी तेव्हाच ऐकलं. जाळीची नळी, आत जाऊन उघडते. अरुंद जागा रुंद होते आणि भिंतीतली भोकं जाळीखाली दाबली जाऊन हळूहळू बुजतात. बुजतील, असा अंदाज. हा उपाय फार कमी जणांत करतात, असं डॉक्टरांनी लपवलं नाही. करताना रक्तस्राव होऊ शकतो, वाचा जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. नाही केलं तर पूर.

"शंभर टक्के खात्री मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के खात्रीवाल्या तिघांकडे जाऊन आले मी."

तेजराम मात्र कोसळला होता. व्हरांड्यात मला म्हणाला, "कायले करायचं हे? घरी नेतो मी तिले. जितके दिवस आहे तितके दिवस." माझ्याही मनात तेच येत होतं. बाईंनी आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे काऊन दिसता? पेपर माझा आहे."

रक्त पातळ राहण्याच्या दोन गोळ्या आधीच सुरू झाल्या. आदल्या दुपारी बाईंनी मला जवळ बसवलं. "मला प्रश्न विचार. भूगोलाचे. उद्या शुद्धीवर आले की हेच पुन्हा विचार. उत्तरं तीच आली तर समज डोकं जागेवर आहे. तेजरामला जमणार नाही, तो रडेल." मग मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. वैनगंगा कुठे उगम पावते, भातासाठी कसली माती लागते, हिमालय कोणत्या दिशेला. शेवटच्या प्रश्नाला त्या मिश्कील हसल्या. मी मात्र एकेक उत्तर पाठ करत होते. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर आज शिवणाचं दुकान नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं. त्या वेळाबद्दल मला काही लिहिता येत नाही. तेजराम भिंतीला टेकून जपत होता, कुणाचं नाव ते माहीत नाही. मी तो काळा ब्लाउजपीस मांडीवर घेऊन बसले होते. रेघा पुसल्या गेल्या होत्या थोड्या. दार उघडलं की दोघंही उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचं बोलावणं असायचं. शेवटी डॉक्टर बाहेर आले, टोपी काढून म्हणाले, स्टेंट नीट बसला. भोकं लगेच बुजत नाहीत, महिने लागतात. तोवर गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आणि अचानक जोराचं डोकं दुखलं, उलटी झाली, किंवा हाक मारून उठवता येईना अशी गुंगी आली, तर त्याच क्षणी घेऊन या.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा मी कॉटपाशी होते. ओठ सुकले होते. मी सुरू केलं. वैनगंगा बरोबर. माती बरोबर. मग विचारलं, "बाई, हिमालय कोणत्या दिशेला?"

बाईंनी छताकडे बघितलं. "दक्षिणेला."

माझ्या काळजाचं पाणी झालं. मी सिस्टरला हाक मारायला वळले, आणि मागून खुसूखुसू आवाज आला. बाई हसत होत्या! मांडीला हात लावू नका, हलू नका, असं सिस्टर ओरडत होती आणि बाई हसत होत्या. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा "तुमचं तळपट होवो" म्हटलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले.

मग विचारलं, "आवाज?"

हसू गेलं. "आहे," त्या म्हणाल्या.

घरी आलो. दोन दिसणं थांबलं होतं, पण आवाजाचं काही कळेना. पहिले काही दिवस मी दोन दोन तासांनी विचारायचे. एकदा बाई चिडल्याच. "विचारू नको वो! तू विचारलं की मी ऐकायले जातो, अन् ऐकलं की आवाज येते. आता मी सांगणार नाही अन् तू विचारायचं नाही." झालं. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. तेजराम मला फोन करून विचारायचा, मी म्हणायचे, तुझ्या बहिणीला विचार. पुढची तपासणी लांब होती. तोवर शेजारच्या घरात कालवा बुजतोय की फुटतोय, कुणालाच ठाऊक नाही. मी सकाळी उठल्याबरोबर आधी त्यांच्या फाटकाकडे बघायचे. दूध आत घेतलं असलं की मग माझा चहा.

मधेच तेजरामनं एक घोळ घातलाच. भेटायला आला, बाईंच्या हातावरचे काळेनिळे डाग बघितले आणि घाबरून गोळ्या लपवून ठेवल्या. "रक्त पातळ होऊन होऊन पाणी होऊन जाईन तिचं." आणि बाईंनी, एवढ्या शिकलेल्या बाईंनी, भावाचं मन मोडायचं नाही म्हणून त्या दिवशी गोळी घेतली नाही! मला संध्याकाळी कळलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून दोघांना असं झापलं की भिंतीपलीकडच्या मजुरांनी ऐकलं असेल. "जाळीत रक्त गोठलं तर नालाच बंद! कुणी शिकवलं मला? तुम्हीच ना? बाई, बाकावर उभं करीन तुम्हाला!" तेजरामनं डब्यातून, डाळीतून गोळ्या काढून दिल्या. बाईंनी माझ्यासमोर गोळी गिळली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आवाज चढवायची काही गरज नव्हती." पण कान पकडले होते त्यांनी.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांचे दिवस सरले आणि तेजराम हटून बसला की हिवाळाभर बाईंनी देवरीलाच राहायचं. मला पटत नव्हतं. तिथे काही झालं तर? नागपूर किती लांब! बाई म्हणाल्या, "माझ्या भावाचं घर आहे, चंद्र नाही." तेजराम धान विकायचं आटोपून तिकडेच थांबला होता, बाई एकट्याच निघाल्या. मी बसस्टँडवर सोडायला गेले. गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, कंडक्टरला सूचना, सगळं झालं. "जा आता, तुझी गिऱ्हाइकं खोळंबली असतील," म्हणून त्या खिडकीपाशी बसल्या. गाडी भरत होती. समोर दोन बसवाले हॉर्न वाजवत एकमेकांशी भांडत होते, कुणाची बकरी ओरडत होती, लाउडस्पीकरवर साकोली, आमगाव चाललं होतं. मी खाली उभी राहून काहीतरी सांगत होते. पाण्याची बाटली की काय, आठवत नाही. बाईंचं उत्तर आलं नाही.

वर बघितलं तर त्यांची मान एका बाजूला लोंबत होती. तोंड थोडं उघडं. मी हाक मारली. "बाई!" काही नाही. खिडकीची पट्टी वाजवली. काही नाही. कंडक्टरनं बेल मारली, गाडी हलली.

मी गाडीच्या पुढे धावले, दोन्ही हात पसरून. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी दार ढकलून आत शिरले, लोकांच्या पायांवर पाय देत, टोपल्या लाथाडत. बाईंचे खांदे धरून गदागदा हलवले. "बाई! बाई! डोळे उघडा! वैनगंगा, बाई, वैनगंगा कुठे…"

बाईंनी डोळे उघडले. लालभडक. क्षणभर त्यांना मी कोण ते कळलं नाही. मग कळलं.

"काऊन उठवलं वो मले?"

"बाई, तुम्ही… गुंगी…"

"कसली गुंगी! झोप लागली होती वो, झोप! केवढ्या दिवसांनी लागली होती मेली!" आणि मग एकदम त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. एवढे दिवस जे सांगायचं नाही असं ठरलं होतं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. हॉर्न, बकरी, लाउडस्पीकर, त्या सगळ्यात बाई झोपल्या होत्या.

अख्खी गाडी हसत होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, उतरता का तिकीट फाडू?" मी उतरले. गाडी फाटकाकडे वळली, खिडकी माझ्या समोरून गेली. बाईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला होता आणि त्या मला काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक घरी जा म्हणत असतील. ते पुरं व्हायच्या आधीच त्यांचे डोळे मिटले, आणि कपाळ खिडकीच्या खडखडणाऱ्या चौकटीला जाऊन टेकलं.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले आणि भोकाड पसरून रडायला लागले. उकडलेले शिंगाडे विकणारी एक म्हातारी टोपली सोडून जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला. "नको रडू माय. कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं," मी म्हटलं. "आमच्या बाईंना झोप लागली."